सगळी बाळंतपणं सटवाईच्या नावावर

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर चिडताना मला लाज वाटायला हवी. ती वाटत नाही. आज सकाळी मी पुन्हा चिडले, आणि घरात कुणाला सांगितलं तर अर्धं कळणार नाही म्हणून तुम्हालाच लिहायला बसले आहे. आपली संस्था आता ज्या मुली चालवतात त्यांच्यातली एक आली होती. चटपटीत आहे, मला आजी म्हणते. सरकार कुठल्याशा नव्या कायद्याचा मसुदा करतंय, त्यावर संस्थांनी आपलं म्हणणं मांडायचं आहे, आणि त्यासाठी तिला सुरुवातीच्या काळात आपण काय काय केलं ते हवं होतं. मी तुमच्या हातचे जुने अहवाल काढून दिले. तिनं ते भराभर चाळले आणि म्हणाली, "आजी, ह्यात तर काहीच नाही हो. ह्या बाई नक्की करायच्या काय?" दरसाल तुम्ही तेच लिहून ठेवलंय, की यंदा देवाच्या दयेनं आणि गावोगावच्या भगिनींच्या कष्टानं काम पार पडलं. पुढे सही. मला त्या मुलीचा राग आला नाही, तिचं बरोबरच होतं. राग तुमचा आला. तिला चहा दिला, चार गोष्टी सांगितल्या, ती गेली, आणि तेव्हापासून मी एकटीच धुसफुसते आहे.

चिंचवड स्टेशनाजवळ बाभळींच्या आडोशाला आपलं बाळंतिणींचं ते कौलारू घर होतं. पुढच्या खोलीत चार खाटा, मागे स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या दारात दिवसभर धुमसणारा तांब्याचा बंब. आमचं बिऱ्हाड नुकतंच साताऱ्याकडून पिंपरीत आलं होतं. ह्यांना नव्या कारखान्यात नोकरी लागली होती आणि मला दुपारचं घर खायला उठायचं. व्हर्नाक्युलर फायनल झालेली होते, कुठे लिहिण्याचं काम मिळालं तर बघावं म्हणून तुमच्याकडे आले. तुम्ही अळिवाची खीर ढवळत होतात. वर न बघताच विचारलंत, "अक्षर बरं आहे?" म्हटलं, हो. "रक्त बघून चक्कर येते?" म्हटलं, माहीत नाही. "मग कळेल," असं म्हणून डाव माझ्या हातात दिलात आणि पलीकडे कुणी कण्हत होती तिच्याकडे निघून गेलात. काम काय, वेळ काय, काही बोलणं नाही. खीर बुडाला लागली आणि पहिल्याच दिवशी मी तुमची बोलणी खाल्ली. तुम्ही रीतसर शिकलेल्या नर्स होतात, पुण्याच्या मोठ्या दवाखान्यातली नोकरी सोडून इथे आला होतात, हे मला दुसऱ्या कुणीतरी सांगितलं, तेही पुष्कळ दिवसांनी. तुम्ही सांगाल तर शपथ.

आणि त्या सुईणी. चाकणकडच्या वाड्यांवरून त्या महिन्यातून एकदा यायच्या, कुणी एस.टी.नं, कुणी पुण्याला निघालेल्या कांद्याच्या ट्रकमधून. अंगाला कांद्याचा वास घेऊनच आत यायच्या. तुम्ही त्यांना साबण, दोरा आणि नाळ कापायला नवी पाती द्यायचात, पण त्याआधी एकेकीला पाटावर बसवून, तिचा हात आपल्या मांडीवर घेऊन तिची नखं कापायचात. ती तुमची शाळा. फळा नाही, व्याख्यान नाही. नखं कापता कापता म्हणायचात, "मागच्या खेपेला पाणी उकळलंस का गं?" आणि ती बाई, जिच्यापुढे गावातला पाटीलसुद्धा दबून असायचा, खाली मान घालून म्हणायची, "व्हय, उकळलं की." मग सगळ्यांची एकच पंगत. शेजारपाजारी त्यावरून कुजबूज होती, कारण त्यांतल्या काहींच्या हातचं पाणी गावात चालत नव्हतं. लेकीसुना मात्र त्याच हातांत बिनबोभाट दिल्या जात होत्या. ह्या सगळ्यांत थोरली ती मावशी. चाकणच्या पुढच्या वाडीतली, काळीसावळी, हाडापेरानं मोठी, बोलायला तुटक. आसपासच्या सगळ्या वस्त्या तिच्या एकटीवर होत्या, दुसरी जाणती सुईण जवळपास नव्हती. अडलेली बाई तिला बघितलं की निम्मी शांत व्हायची. मी घाबरायचे तिला.

कायदा व्हावा म्हणून तुम्हीच सरकारच्या मागे लागला होतात, हे विसरू नका. विळ्यानं नाळ कापायची, वर राख दाबायची, आणि आठवडा भरायच्या आत पोर धनुर्वातानं ताठ होऊन जायचं, हे बघून बघून तुम्ही विटला होतात. मुंबईला तुमच्या सांगण्यावरून किती अर्ज मी लिहिले. शेवटी कायदा झाला. सरकारी पटावर नाव असलेल्या बाईनंच बाळंतपण करायचं, नाव नसताना केलं आणि त्याबद्दल पैसा, धान्य, काहीही घेतलं तर गुन्हा. जुन्या सुईणींसाठी त्यात एक वाट ठेवली होती. जिनं पूर्वीपासून बाळंतपणं केली आहेत तिनं मुदतीत अधिकाऱ्यासमोर यावं, तसं स्वतःच्या तोंडानं सांगावं, परीक्षेवाचून तिचं नाव लागेल. मला वाटलं, चला, देव पावला. आपल्या सगळ्याजणी एका दिवसात पटावर येतील. तुम्हीही खुशीत होतात. त्या महिन्यात नखं कापताना गाणं गुणगुणत होतात.

नावनोंदणीचा दिवस मला अजून लख्ख दिसतो. चाकणची शाळा, ओसरीवर टेबल, पुण्याहून आलेला तरुण अधिकारी आणि त्याचा कारकून. बाजाराचा दिवस, रस्त्यावर गाड्यांची ही गर्दी. आपल्या सुईणी ठेवणीतली लुगडी नेसून ओळीनं बसल्या आहेत. मावशी पहिली. अधिकारी अगदी अदबीनं विचारतो, "आजवर किती बाळंतपणं केलीत तुम्ही?"

"म्या?" मावशी म्हणते. "म्या कुटं केल्यात, सायेब. समदी सटवाईनं केल्यात."

अधिकारी हसतो. "बरं, सटवाईनं. पण हात तर तुमचेच ना?"

"हात काय, कुनाचंबी आसत्यात."

कारकून अधिकाऱ्याकडे बघतो, काहीतरी लिहितो. दुसरी येते. "आमी नुस्तं उशाला बसतो जी." तिसरी म्हणते, "एकबी न्हाई, तिच्याच किरपेनं होतंय समदं." अशा सगळ्या, एकीसारखी एक. सुईण कधी मी केलं असं म्हणत नाही. म्हटलं की हात जड होतो आणि पुढची बाई अडते, अशी त्यांची समजूत. मोजत तर कधीच नाहीत. हे मला माहीत होतं, तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत होतं, आणि तरी त्या दिवसाआधी हे आपल्या दोघींच्या डोक्यात आलं नाही. त्या बिचाऱ्या अधिकाऱ्यानं शेवटी तुमच्याकडे वळून विचारलं, "बाई, तुम्ही तरी सांगा. तुमची संस्था ह्यांच्याकडून एवढं काम करून घेते ना?" मी सुटकेचा निःश्वास टाकला. आणि तुम्ही पदर सारखा करत म्हणालात, "छे हो, आम्ही कुठलं करून घेतो. आम्ही आपलं पाणी तापवतो." मी तुमच्या पायावर पाय दिला. तुम्ही पाय बाजूला घेतलात आणि सगळ्यांदेखत मला म्हणालात, "अगं, लागतंय." सगळ्या नावांपुढे एकच शेरा पडला, अनुभव नाही.

एस.टी.त मी तुमच्याशी भांडले. पुढच्या बाकावरचे लोक मागे वळून बघत होते इतकं भांडले. तुमच्याशी तशी मी आधी कधी बोलले नव्हते. म्हटलं, एक वाक्य बोलायचं होतं, ह्यांनी केलंय, माझ्या डोळ्यांदेखत केलंय, एवढंच. तुम्ही म्हणालात, "मी बघितली ती चार-दोन. बाकीची मी नाही बघितली. न बघितलेलं कसं सांगू?" मी म्हटलं, मग मावशीला तरी सांगायचं, की बाई गं, आजच्या दिवस म्हण. तर तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "आज म्हणेल. उद्या बाळंतिणीजवळ बसली की तिचा हात थरथरेल. मग त्या कायद्याचं काय करू मी?" त्यानं माझा राग जास्तच चढला. नाशिक फाट्याला उतरेपर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही. उतरल्यावर तुम्ही माझ्यासाठी भाजलेलं कणीस घेतलंत. मी ते खाल्लं, पण बोलले नाहीच.

मग आमदार. पावसाळ्यातलं अधिवेशन तेव्हा पुण्यात भरायचं, म्हणून आपण दोघी कौन्सिल हॉलवर गेलो. आमदार आपल्याच भागातले, भले गृहस्थ, दहा माणसं दारात ताटकळत असताना त्यांनी आपल्याला आधी आत घेतलं. काय बोलायचं ते मी तुमच्याकडून पाठ करून घेतलं होतं. तुम्ही खुर्चीत बसलात आणि पिंपरी कॅम्पातल्या नळाचं सुरू केलंत. फाळणीनंतर आलेल्या त्या सिंधी बायकांना पाण्यासाठी किती वेळ उभं राहावं लागतं, त्यांत गरोदर किती असतात, एक नळ वाढवून मिळाला तर किती बरं होईल. नळ महत्त्वाचा होता, नाही कोण म्हणतं. पण आपण नळासाठी गेलो नव्हतो. आमदारांनी नळ लिहून घेतला. उठायची वेळ आली तेव्हा तुम्हाला सुईणी आठवल्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे अनुभव आहे, पण त्या नाही म्हणतात. आणि तुम्हीही संस्थेनं काही केलं नाही म्हणता. मग मी सभागृहात उभं राहून सांगू काय?"

तेव्हा माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हटलं, "साहेब, तुमच्या धाकट्या भावाची बायको अडली होती, तिला ह्याच मावशीनं सोडवलं. तुमचा पुतण्या तिच्याच हातचा." आमदार म्हणाले, "अहो, ते घरचं झालं. ती काय सुईण म्हणून आली होती का? गावातलीच बाई, बोलावलं, आली." मी विचारलं, "तिला काय दिलंत?" ते म्हणाले, "लुगडं दिलं असेल. बाजरी दिली असेल. रीतच आहे ती." मी म्हटलं, "मग आता तोच गुन्हा झाला." तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडला. पुढे त्यांनी सभागृहात प्रश्न विचारला आणि मंत्र्यांनी बाब विचाराधीन असल्याचं उत्तर दिलं. ते वर्तमानपत्रात छापून आलं तेव्हा तुम्ही सगळ्या खाटांपाशी जाऊन वाचून दाखवलंत. बाळंतिणींना विचाराधीन म्हणजे काय ते कळलं नाही. मला चांगलं कळलं होतं.

त्या महिन्यात सुईणी आल्या तेव्हा तुम्ही त्यांना सरळ सांगितलंत की तुमची नावं लागलेली नाहीत, तोवर कायद्यानं तुम्हाला हात लावता येत नाही, आम्ही खटपट करतो आहोत. दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. तुम्हाला खोटं बोलता यायचं नाही आणि अर्धं बोलताही यायचं नाही. त्या सगळ्यांनी माना हलवल्या, साबण घेतला, आणि गावी जाऊन पूर्वीसारखंच काम करायला लागल्या. सरकार काही त्यांच्या वाडीवर येऊन बसणार नव्हतं. फक्त मावशीनं ऐकलं. सबंध मुंबई राज्यात तो कायदा मनापासून पाळणारी ती एकटीच असावी.

मग ती गाडी आली. भर उन्हाची वेळ, मी ओसरीवर बसून लंगोट्यांच्या घड्या घालते आहे. मला तेव्हा सातवा लागला होता. बैलगाडी दारात थांबते, गाडीवान उतरतो आणि बैलांचीच मान कुरवाळत उभा राहतो. आत वाडीवरची एक पोरसवदा बाई पडलेली आहे, तिची सासू तिच्या पायांशी, आणि उशाशी मावशी, दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून. वाटेत, मोशीच्या पुलाच्या अलीकडे, तिची वेळ आली होती. मूल पायाळू होतं, अडकलं. सासूनं जमेल तसं ओढलं. मावशी शेजारी बसून तोंडानं सांगत राहिली, असं धर, तसं नको, पण हात काढले नाहीत. पोरगी होती. तुम्ही तिला उलटं धरून पाठ चोळलीत, तोंडात फुंकर घातलीत, बराच वेळ. मग लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून आईशेजारी ठेवलीत. आई जगली.

नंतर स्वयंपाकघरात तुम्ही मावशीला विचारलंत, "हात का आवरलास?" तुमचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. मावशी चुलीकडे बघत म्हणाली, "तुमीच म्हनला, कायद्यात बसत न्हाई. म्या हात लावला आन तुमच्या संस्थेवर काय आलं मंजी? हितल्या चार खाटा बी जायाच्या." बाई, तुम्ही खाली बसलात. पाटावर नाही, जमिनीवरच. मग तुम्ही तिचा हात ओढून मांडीवर घेतलात आणि नखं कापायला लागलात. ती वाढलेली नव्हती, कापायला काही नव्हतंच. "माझं चुकलं," तुम्ही म्हणालात. "आजपासून बाई अडली की तू हात लावायचास. कायदा काय म्हणेल ते माझ्यावर." मावशीनं विचारलं, "मग कायदा बदलला का?" तुम्ही म्हणालात, "अजून नाही." आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्ही पुण्याला जायला लागलात. रोज सकाळच्या गाडीनं, डब्यात दोन भाकरी घेऊन. खाटा माझ्यावर आणि शेजारच्या मोलकरणीवर टाकून.

ह्यासाठी तर मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही. माझी आई नव्हती, माहेरी जायला कुणी नव्हतं, तुम्ही म्हणाला होतात, मी आहे ना. आणि माझ्या पोटात कळ आली तेव्हा तुम्ही कौन्सिल हॉलच्या बाकावर बसून कुठल्याशा खात्याच्या साहेबाची वाट बघत होतात. दिवस अजून भरायचे होते, मान्य. पण मला त्या क्षणी हे पटण्यासारखं नव्हतं. योगायोगानं मावशी पाती आणि साबण न्यायला आली होती. मी त्या स्वयंपाकघरातच, बंबाशेजारी, घोंगडीवर पडले आणि तिनं माझ्याकडे एकदा बघून बांगड्या वर सारल्या. मी तुम्हाला शिव्या देत होते. बाई, खऱ्याखुऱ्या शिव्या, साताऱ्याकडच्या. मावशी म्हणाली, "दे, दे. जोर येतोय." तिचे हात किती गरम होते आणि किती निवांत, जसं काही तिला दुसरीकडे कुठे जायचंच नव्हतं. माझी लेक तिसऱ्या प्रहरी झाली, रडली, आणि मग मीही रडले. शेजारणीनं दारातून विचारलं, कुणी सोडवलं गं? मावशी हात धूत म्हणाली, "सटवाईनं."

संध्याकाळच्या गाडीनं तुम्ही आलात, घामानं डबडबलेल्या, आणि आत शिरता शिरताच म्हणालात, "अगं, दुरुस्ती होणार." मग घोंगडीकडे लक्ष गेलं. तुम्ही लेकीला उचलून घेतलंत आणि तिलाच सगळं सांगितलंत. कलमात एक ओळ वाढणार होती. सुईणीनं स्वतः सांगायला नको, तिनं सोडवलेल्या बाईनं सांगितलं तरी चालेल. मुदतही वाढणार होती. मी विचारलं, "हे कुणी सुचवलं?" तुम्ही म्हणालात, "त्यांनाच सुचलं." पुढे आमदारांनी मला सांगितलं की ती ओळ तुमची, शब्दन् शब्द, आणि ती पटवण्यासाठी तुम्ही चार साहेबांची दारं झिजवलीत. तुमच्या अहवालात त्या साली काय लिहिलंय ते आज सकाळी त्या मुलीनं मोठ्यानं वाचलं. देवाची दया आणि भगिनींचे कष्ट.

दुरुस्ती झाली. पुन्हा चाकणची शाळा, पुन्हा तोच अधिकारी, आता जरा धास्तावलेला. ह्या खेपेला मावशीच्या वाडीवरच्या बायका साक्षीला आणल्या होत्या, पोरांना कडेवर घेऊन. मी तुमच्या बाजूला उभी, लेक माझ्या खांद्यावर झोपलेली. अधिकारी पहिल्या बाईला विचारतो, "तुमचं बाळंतपण कुणी केलं?" ती पोराच्या डोक्यावर पदर ओढते आणि म्हणते, "सटवाईनं." दुसरी तेच. तिसरी तर म्हणते, "नाव घ्यायाचं नसतं जी, पोराला बाधतंय." सुईणीनं आपलं नाव घ्यायचं नाही, तर बाळंतिणीनं तरी कसं घ्यावं. तुम्ही एवढी दारं झिजवून मिळवलेली ओळ माझ्या डोळ्यांसमोर मातीत चालली होती. मावशी भिंतीला टेकून बसली होती, तिला काही वाटत नव्हतं, किंवा वाटत असेल तर दिसत नव्हतं. मोशीच्या पुलाजवळचं ते सगळं पुन्हा होणार, एवढंच माझ्या मनात येत होतं. तेवढ्यात अधिकाऱ्याची नजर माझ्याकडे वळली. शिकलेली दिसते, ही तरी बोलेल, असं त्याला वाटलं असावं. "आणि तुमचं हो?"

हे तुम्हाला कळलंच होतं, तरी लिहिते. माझी लेक झाली तेव्हा कायदा लागू होता आणि मावशीचं नाव पटावर नव्हतं. तिचं नाव घेतलं तर तिला अनुभव असल्याचा पुरावा, आणि तोच गुन्ह्याचाही पुरावा. वर तिच्या ओटीत मी लुगडंही घातलं होतं. मी म्हणाले, "ह्यांनी. ह्या बसल्या आहेत त्या मावशींनी. माझ्या ह्या मुलीला त्यांनीच सोडवलं." अधिकाऱ्यानं लेकीकडे बघितलं, किती महिन्यांची असेल ते त्याला दिसत होतं. कारकुनानं विचारलं, "साहेब, तारीख?" अधिकारी म्हणाला, "तारखेचा रकाना नाही त्यात. नाव लिहा." मावशीचं नाव लागलं. बाकीच्यांतल्या दोघी-तिघींची लागली, उरलेल्यांची कधीच लागली नाहीत. बाहेर आल्यावर मावशी माझ्यावर अशी खवळली की काय सांगू. "पोरीचं वाईट व्हावं म्हनून बोल्लीस व्हय?" असं म्हणत तिनं बाजारातून मीठ-मोहरी मागवली आणि रस्त्याच्या कडेला, जाणाऱ्या येणाऱ्या गाड्यांसमोर, माझ्या लेकीची दृष्ट काढली. त्यानंतर हात थकेपर्यंत ती काम करत राहिली, पटावर नाव असलेली.

आता जे लिहायचं होतं ते. त्या दिवसानंतर तुम्ही गेलात तोपर्यंत, जो कोणी दारात येईल त्याला तुम्ही ती गोष्ट सांगायचात. देणगीदार, डॉक्टर, माझी जाऊ, एकदा तर तिकीट तपासनीसाला. "ही आमची, हिनं भर चावडीत साहेबापुढे नाव घेतलं. कायद्याला न घाबरता." शाळेची ओसरी तुम्ही चावडी करून टाकली होतीत. स्वतःच्या कामाबद्दल चकार शब्द न काढणाऱ्या तुम्ही, माझ्याबद्दल मात्र उभ्या गावाला सांगत सुटला होतात, आणि मी मान खाली घालून ऐकत उभी राहायचे. बाई, मी घरून ठरवून आले होते. विचारलंच तर बाळंतपण बाईंनी केलं म्हणून सांगायचं, तुमचं नाव पटावर होतं, कुणाला काही त्रास नव्हता. रात्रभर तेच वाक्य घोकलं होतं. पण त्यानं विचारलं तेव्हा लेक खांद्यावर जागी झाली, मावशीनं भिंतीजवळून तिच्याकडे बघितलं, आणि मला ते वाक्य आठवलंच नाही. धीट वगैरे मी काही नव्हते. तुम्हाला हे सांगायचं राहून गेलं, कारण तुम्ही ती गोष्ट सांगायला लागलात की तुमचा चेहरा इतका आनंदी दिसायचा की तो मला बघत राहावासा वाटायचा.